आखाडातला शुक्रवार, पाच बाटल्या

सकाळी सहा

रात्रभर कोसळून पाऊस जरा थांबलाय, पण आभाळ अजून भरलेलंच आहे. चहाचं आधण ठेवते आणि खिडकीतल्या फळीपाशी येते. तिथं पाच बाटल्या ओळीनं उभ्या आहेत. नेलपॉलिश बनवणाऱ्या एका मुलीनं पारखायला पाठवलेलं पार्सल फोडलं त्या दिवसापासून त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावून ठेवलंय. सासूबाई धूळ पुसतानाही तेवढी फळी सोडतात.

ग्लिटर नेलपॉलिशची पहिली परीक्षा न हलवता घ्यायची असते. त्यातली चमकी म्हणजे पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्याच जातीच्या प्लॅस्टिकचे कण. या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमचा थर बसवतात, त्यावर रंग चढवतात आणि मग कापतात. कण बहुतेक षटकोनी असतात, कारण षटकोन एकमेकांना लागून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही. आता हा कण ज्या द्रवात राहायचा तो द्रव त्याच्याहून हलका. त्यामुळं चमकी तळाला जाणार, हे ठरलेलंच. ती जाऊ नये म्हणून बेसमध्ये खास प्रक्रिया केलेली माती घालतात, बेंटोनाइट नाहीतर हेक्टोराइट. बाटली स्थिर असली की ही माती आत जाळं धरते आणि द्रव घट्ट होतो. हलवली की जाळं मोडतं, ब्रश सहज फिरतो, आणि ठेवली की पुन्हा घट्ट. माती कमी पडली तर चमकी बुडते. जास्त झाली तर ब्रशला तार येते आणि नखावर गुठळ्या बसतात. चांगल्या आणि सुमार ग्लिटरमधला पहिला फरक या मातीच्या मापात आहे.

एक नंबर, पारदर्शक बेसमध्ये बारीक चंदेरी होलो, म्हणजे होलोग्राफिक चमकी: जशी होती तशीच. दोन नंबर, दुधी बेसमध्ये लाल, हिरवे, निळे ठिपके: थोडी खाली बसलीय, पण तळ झाकलेला नाही. तीन नंबर, जांभळ्याच्या काठावरचा काळा आणि त्यात तांबूस चमकी: आतलं काही दिसतच नाही, हातावर घेतल्यावरच कळेल. चार नंबर केशरी, मोठ्या सोनेरी षटकोनांची. हिची सगळी संपत्ती तळाला जाऊन बसलीय. पाच नंबर हिरवी, तिच्याबद्दल पुढं.

आणखी एक गोष्ट सकाळच्या पांढऱ्या उजेडातच नीट दिसते. शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणारी स्वस्त चमकी नेलपॉलिशमध्ये घातली, तर सॉल्व्हंट तिचा रंग ओढून घेतं. काही दिवसांत लाल कण चंदेरी होतात आणि आजूबाजूचा बेस गुलाबी होतो. म्हणून सॉल्व्हंटला टिकणारी चमकी वेगळी मागवावी लागते आणि ती महाग पडते. दोन नंबरची बाटली उजेडाकडे धरून बघते. लाल लालच आहे, दूध पांढरंच आहे. या पोरीनं इथं पैसा वाचवलेला नाही.

सव्वासात

भाकरी आधी थापून घेते. नखं रंगवल्यावर पिठात हात घालणं शक्य नाही. मग साबणानं हात धुवून, कोरडे करून, प्रत्येक नखावरून रिमूव्हरचा बोळा फिरवते. नखावर तेलाचा अंश राहिला तर संध्याकाळपर्यंत पॉलिशचा पापुद्रा सुटतो, आणि मग दोष बाटलीला लागतो.

पाच बाटल्या, पाच बोटं. करंगळीला एक नंबर, अनामिकेला दोन, असं करत अंगठ्याला पाच. दोन्ही हातांना तोच क्रम. फरक एवढाच, की उजव्या हाताला वरून टॉप कोट द्यायचा आणि डावा तसाच ठेवायचा. उजवा हात सगळी कामं करतो, डावा साथीला असतो. दिवस सरताना दोन्ही हात शेजारी धरले की पॉलिशचं खरं काय ते समजतं.

पंखा बंद ठेवते. पंख्यानं वरचा थर आधी सुकतो आणि खाली अडकलेलं सॉल्व्हंट बुडबुडे काढत वर येतं. खरी काळजी आज हवेतल्या ओलीची आहे. सॉल्व्हंट झपाट्यानं उडतं तेव्हा नखाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पॉलिशवर धुकट पांढरी झाक येते. कोल्हापूरच्या जुलैत हे हमखास होतं. मोठ्या कंपनीची बाटली राजस्थानातही तीच विकली जाते आणि राधानगरीतही तीच. या मुलीला मी मागच्या पावसाळ्यात हे सांगितलं होतं. तिनं या बॅचमध्ये लवकर उडणारं इथाइल ॲसिटेट थोडं कमी केलंय आणि सावकाश उडणारं ब्युटाइल ॲसिटेट वाढवलंय. सुकायला वेळ लागेल, पण झाक येऊ नये, हा हिशेब.

मोठी चमकी ब्रशनं ओढायची नसते. ओढली की कण ब्रशच्या मागं मागं जातात आणि सगळे टोकाशी जमतात. ब्रश टेकवायचा, कण ठेवायचा, उचलायचा. पहिला हात पातळ. दुसरा हात पहिल्यातल्या मोकळ्या जागा बघून. शेवटी नखाच्या टोकाच्या कडेवरून ब्रश फिरवून कड झाकायची.

एक नंबर सुरेख बसते. हिचे कण साधारण ०.२ मिलिमीटरचे, बोट फिरवलं तरी खरखर जाणवत नाही. तीन नंबरवर माझा सगळा जीव अडकलेला, कारण धुकट झाक काळ्यावर आधी दिसते. वाट बघते. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. काळा काळाच राहतो, आणि त्यातून तांब्याचे कण असे वर येतात की मी मोठ्यानं "वा!" म्हणते. आतल्या खोलीतून सासूबाई विचारतात, "काय झालं गं?"

चार नंबर मात्र त्रास देते. तिचे षटकोन दीड मिलिमीटरच्या वरचे आहेत. नख कमानदार, कण सपाट. कडेचे कण पूर्ण टेकत नाहीत, त्यांची टोकं वर राहतात. केसांतून बोट फिरवलं की केस अडकतो.

साडेदहा

राजारामपुरीतलं माझं पार्लर. शटर वर जातं तेव्हा गल्लीतून ढोलाची तालीम ऐकू येतेय. आषाढातला मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे कोल्हापुरात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या यात्रेचे दिवस. आज आमच्या गल्लीचा मान आहे, संध्याकाळी पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाईला जायचं.

माझ्याकडं काम शिकणारी मुलगी आल्या आल्या माझा हात धरते. "ताई, तीन नंबर मी लावतो आज. लई भारी दिसालंय."

"आधी हात धू. आणि टेबलावरचा तो धूप विझव."

धूप विझवण्यात थट्टेचा भाग नाही. नेलपॉलिशचा मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि त्याला विरघळवणारी सॉल्व्हंट्स, दोन्ही पटकन पेट घेणारी. म्हणूनच आपल्या देशात नेलपॉलिश घरच्या ओट्यावर बनवून विकता येत नाही. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा औद्योगिक वसाहतीत लागते, इतर सौंदर्यप्रसाधनांच्या विभागापासून छतापर्यंतच्या भिंतीनं वेगळी केलेली, आग न पकडणारी. एकट्या मुलीनं एवढं उभं कुठून करायचं? त्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे: कारखाना दुसऱ्याचा, परवाना त्याच्या जागेवर आपल्या नावाचा, आणि माल आपल्या कृतीचा. या बाटल्या बनवणारी मुलगी तसंच करते. रसायनशास्त्र शिकलेली आहे, मिरजेच्या बाजूला एका कारखान्यात महिन्यातले ठरलेले दिवस तिला मिळतात, तेवढ्यात बॅच काढते. काचेच्या बाटल्या, ब्रशची टोपणं, आत खुळखुळणाऱ्या स्टीलच्या गोळ्या, सगळं थोडं थोडं विकत घ्यायचं म्हणजे चढ्या भावानं. गिऱ्हाईक विचारतं, "एवढी महाग का हो?" मी त्यांना हे सगळं सांगते. ऐकल्यावर बरेच जण घेतात.

जगात या छोट्या नेलपॉलिशवाल्यांची लाट आली ती साधारण २०१० नंतर, अमेरिकेत. घरबसल्या चमकी मिसळणाऱ्या बायकांनी ती सुरू केली. पुढं कॅनडाच्या क्रिस्टीन रोटेनबर्गनं २०१९ मध्ये 'होलो टॅको' हा ब्रँड काढला, आणि होलो चमकीचं वेड आपल्या कॉलेजच्या पोरींपर्यंत पोचलं. आमच्या आईच्या पिढीला नेलपॉलिश म्हणजे लॅक्मे, टाटांनी १९५२ मध्ये सुरू केलेली. लाल, मरून, फार तर मोतिया. बनवणारीला फोन करून "पावसाळ्यात झाक येतेय बघ" असं सांगायची सोय तेव्हा नव्हती.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. इथाइल ॲसिटेट बनतं अल्कोहोलपासून, आणि महाराष्ट्रात हे अल्कोहोल पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळीपासून निघत आलंय. महाडची लक्ष्मी ऑरगॅनिक, साकरवाडीची गोदावरी बायोरिफायनरीज हे या द्रव्याचे मोठे उत्पादक. आपल्या जिल्ह्यात ऊस कुठं नाही? पोरीच्या नखावरच्या थरात शेताचा एवढा अंश आहे, हे मला फार आवडतं.

बारा

नेहमीच्या काकू येतात. वय सत्तरीच्या पुढं, नखं अगदी व्यवस्थित. खुर्चीत बसता बसता हवेत वास घेतात आणि म्हणतात, "हा वास आमच्या घरातला बघ."

त्यांचे वडील थिएटरात ऑपरेटर होते. तुटलेली फिल्म जोडायचं द्रावण ते बाटलीतून ब्रशनं लावत. त्यात ॲसिटोन असे, म्हणून हा वास. पण नातं वासापुरतं नाही. जुनी सिनेमाची फिल्म नायट्रोसेल्युलोजचीच असे. त्यात कापूर घालून ती लवचीक करत, आणि नेलपॉलिशमध्येही कापूर कित्येक वर्षं त्याच कामासाठी वापरला गेला. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांसमोर आणला, १ जून १९२९ ला प्रभातही याच गावात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. या सगळ्या काळातल्या रिळांचं आणि माझ्या टेबलावरच्या बाटल्यांचं मूळ द्रव्य एक. तेच द्रव्य १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या रंगात गेलं आणि तिथून नखांवर आलं. रेव्हलॉननं १९३२ मध्ये त्यात नुसता पारदर्शक रंग न घालता दाट रंगद्रव्य घातलं, तेव्हापासून नख पूर्ण झाकणारं पॉलिश बाजारात आलं.

नायट्रोसेल्युलोज सुकतं झकास, चकाकतं झकास, पण जपलं नाही तर जळतं आणि कुजतं. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत फिल्म अर्काइव्हची शेकडो जुन्या चित्रपटांची नायट्रेटवरची रिळं गेली. काकूंना हे ठाऊक आहे. त्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचं नाव काढतात, वडील तिथून जाताना हात जोडत म्हणतात.

मग एक नंबरच्या चंदेरीकडं बोट दाखवतात. "पडदा असाच चमकायचा."

लावून देते. पैसे घेत नाही.

दीड

गल्लीच्या आखाडाचं जेवण. मंडपात पंगत, तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. ही आजच्या दिवसातली सगळ्यांत अवघड चाचणी, आणि नेलपॉलिशच्या कुठल्याही पेटीवर ती लिहिलेली नसते.

आपण हातानं जेवतो. हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात विरघळतं, आणि तांबड्या रश्श्यावर तर तेलाचा कट असतो. तो कट बोटाच्या पेरावरून नखाच्या कडेला जातो आणि पॉलिशच्या थरात शिरतो. पारदर्शक टॉप कोटनं अडत नाही, कारण टॉप कोटही त्याच घराण्याचा. तोच पिवळा होतो.

जेवून साबणानं हात धुते, पुन्हा धुते. मग दारात येऊन उजेडात बघते.

एक नंबर: कणांच्या चकाकीत डाग दिसत नाही. तीन नंबर: प्रश्नच नाही. चार नंबर केशरीच, तिला हळद मानवते. पण अनामिकेवरची दुधी! नखाच्या दोन्ही कडांना पिवळसर रेघ आलीय, मधला भाग तेवढा पांढरा राहिलाय. डाव्या हाताची दुधी अजून कोरी आहे, तिचे लाल-हिरवे ठिपके पांढऱ्याखाली बुडी मारून वर येताहेत असे दिसतात. खालचा कण धूसर, वरचा ठळक. एवढं खोल काम पाचांत दुसऱ्या कुठल्याही बाटलीत नाही. मला तीच सगळ्यांत आवडलीय, आणि म्हणूनच वाईट वाटतं.

दोष बनवणारीचा नाही. पण तिला कळवायला हवं, आणि गिऱ्हाइकालाही विकतानाच सांगायला हवं. कुर्कुमिन उन्हात फिकं पडतं, तेव्हा दोन दिवस ऊन मिळालं तर रेघ उतरेल. आषाढात ते ऊन आणायचं कुठून? वरून टॉप कोटचा नवा हात दिला तरी रेघ त्याखाली तशीच दिसत राहते.

तीन

हुपरीहून येणारी वहिनी. घरात चांदीचं काम आहे. पैंजणाच्या कड्या चिमट्यानं वळवायच्या, जोडायच्या, दिवसभर. नखं बारीक कापलेली, उजव्या अंगठ्याच्या नखावर चिमट्याच्या घर्षणाची पांढरी खूण. पॉलिश किती टिकतं हे सांगायला यांच्यासारखं दुसरं कुणी नाही, आणि त्याही आनंदानं सांगतात.

मी पाचही बाटल्या पुढं ठेवते. चंदेरीवरून त्यांची नजर तशीच पुढं जाते.

"चांदी दिवसभर हातातच असते. नखावर तरी दुसरं काहीतरी लावा की."

तांबूस काळी निवडतात. पातळ दोन हात, कडा नीट झाकून, वर टॉप कोट. त्यांना एवढंच सांगते, की आज रात्रीपर्यंत चिमटा धरायचा नाही. वरून बोटाला चिकटत नाही म्हणजे पॉलिश सुकलं, असं नसतं. आतलं सॉल्व्हंट सावकाश बाहेर पडत राहतं आणि थर पुरता कडक व्हायला कित्येक तास जातात. घाईनं झोपलेल्या बायकांच्या नखांवर सकाळी चादरीचं विणकाम उमटलेलं मी कितीदा पाहिलंय.

जाताना त्या थांबतात. "सोमवारी फोटो पाठवते, कुठं उडालंय ते दाखवत."

या फोटोची मी गिऱ्हाइकाच्या पैशापेक्षा जास्त वाट बघते.

पाच

पार्लर शिकणाऱ्या मुलीवर सोपवून यात्रेत जाते. डोक्यावर पाण्याच्या घागरी घेतलेल्या बायका, पुढं पी-ढबाक, त्या सनईच्या सुरावर आणि ढोलाच्या ठेक्यावर म्हाताऱ्यांचेही पाय हलताहेत. माझ्याही डोक्यावर एक कळशी येते. दोन्ही हात वर, दहाही नखं लोकांसमोर.

ओल्या कळशीवर हात तासभर राहतो, त्यामुळं ही पाण्याची चाचणी आपोआपच होते. पॉलिश उडण्यामागं धक्क्यापेक्षा पाण्याचा हात मोठा असतो. नख पाणी पितं, थोडं पसरतं. वाळलं की आकसतं. वरचा थर तितका पसरत-आकसत नाही, म्हणून कडेला सुटतो. भांडी घासणाऱ्या हातावर महागडं पॉलिशसुद्धा का टिकत नाही, त्याचं कारण हे. थराला लवचीक ठेवणारा पदार्थ नेमका किती घालायचा, यात बनवणारीचं कसब दिसतं.

टेंबलाईच्या चढाला ढग फाटतात. जेमतेम पाच मिनिटांचं ऊन. माझी करंगळी पेटते. दिवसभर करडी दिसणारी चंदेरी एकाएकी तांबडी, पिवळी, हिरवी, निळी होते. बोट जरासं कललं की रंग सरकतात. होलो कणाच्या फिल्मवर अतिशय बारीक, समांतर रेघा उमटवलेल्या असतात. त्या रेघा उजेड फोडतात, आणि प्रत्येक रंग वेगळ्या कोनात जातो. पण त्यासाठी उजेड एका बाजूनं, एका ठिपक्यातून यावा लागतो. ढगाळ आभाळातून तो सगळीकडून येतो, रंग एकमेकांत मिसळतात आणि उरतो करडा. दुकानात ट्यूबलाइटखाली होलो बघून नाक मुरडणाऱ्या बायका मला रोज भेटतात. त्यांना मी दाराबाहेर नेते.

शेजारची पोर माझं बोट धरते आणि सोडतच नाही. ढग परत येतात तेव्हा विचारते, "कुठं गेलं?"

साडेसात

महाद्वार रोडला कापूस आणि फॉइल घ्यायला गेले होते, येताना गुजरीतून वाट काढते. सोन्याचांदीच्या दुकानांत छोटे छोटे प्रखर दिवे लावलेले असतात, नेमके होलोला हवे तसे. एका काचेशी उभी राहून करंगळी फिरवते. दुकानातली माणसं बघतात, बघू देत. आतले दागिने आणि माझं नख एकाच उजेडात न्हाताहेत, आणि मला नख कमी वाटत नाही.

इथंच हिरवीकडं, पाच नंबरकडं, शांतपणे बघते. ही या मुलीची नवी धडपड. हिच्यात प्लॅस्टिकचा एकही कण नाही. अभ्रक आहे, तेही खाणीतलं नाही, भट्टीत बनवलेलं, त्यावर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर. खाणीतल्या अभ्रकामागं झारखंडच्या लहान पोरांची मजुरी आहे हे आता लपून राहिलेलं नाही, म्हणून तिनं ते टाळलंय. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. नखं, ओठ आणि चेहऱ्याच्या रंगांना २०३५ पर्यंत मुदत दिलीय. आपल्याकडं कुणी तसं सांगितलेलं नाही, तरी एक मुलगी आपणहून हे करून बघतेय याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण खरं ते सांगायचं. अभ्रकाची चमक मऊ आहे. गुजरीच्या दिव्याखालीसुद्धा ती रेशमी दिसते, ठिणगी उडत नाही. षटकोनाचा तो टचकन डोळ्यात भरणारा ठिपका हिच्यात नाही. चमकी म्हणून विकली तर घेणारी हिरमुसेल. रोजच्या वापराचा झळाळता हिरवा म्हणून विकली तर खपेल, कारण दिवसभराच्या कामानंतर दोन्ही अंगठ्यांवर ती जशीच्या तशी आहे, टोकाची कडही गेलेली नाही.

नऊ

आता काढायचं. ग्लिटरचा खरा त्रास इथं आहे. साधं पॉलिश बोळ्यानं पुसून जातं, पण चमकीचे कण सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाहीत. घासत बसलं तर ते नखावरच ओरखडे काढतात. म्हणून कापसाचा छोटा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची आणि सात-आठ मिनिटं गप्प बसायचं. खालचा थर विरघळला की जरा दाबून, टोकाच्या दिशेनं एकदाच ओढायचं. सगळं एका झटक्यात निघतं. गॅस आधी बंद, देवापुढचा दिवाही शांत झालेला.

दहा बोटांवर दहा टोप्या घालून बसल्यावर फोनही घेता येत नाही. सासूबाई समोर बसून गल्लीच्या गप्पा सांगतात.

एक, तीन आणि पाच सहज सुटतात. दुधीला दुसऱ्यांदा बोळा लागतो. चार नंबरचे षटकोन नखाला धरून बसतात, चिमट्यानं एक एक उचलावा लागतो. त्यातला एक बेसिनच्या कडेला पडतो. तो मी ओल्या कापसानं टिपून घेते. कोल्हापूरच्या मोरीतलं पाणी शेवटी पंचगंगेकडंच जातं, आणि त्या नदीच्या अंगावर आधीच पुष्कळ काही टाकलं गेलंय. कण, कापूस, फॉइल, सगळं एका कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. पार्लरमध्येही हाच नियम आहे. शिकणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी ब्रश धुण्याआधी हे शिकायचं.

नखांना खोबरेल तेल चोळते. ॲसिटोननं ती पार कोरडी पडलीत.

दहा

बनवणारीला फोन करण्याऐवजी लिहून पाठवते, म्हणजे कारखान्यात तिच्या हाताशी राहील.

"एक नंबरला हात लावू नकोस, अशीच काढ. फक्त बाटलीबरोबर चिठ्ठी दे, की उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली बघा. तीन नंबरनं पावसाला दाद दिली नाही. तुझं ब्युटाइल ॲसिटेटचं माप बरोबर बसलंय, हेच बाकी सगळ्यांत ठेव. हुपरीच्या वहिनींच्या हातावर लावलीय, सोमवारी फोटो येईल तो पाठवते. दोन नंबर माझी सगळ्यांत लाडकी, पण तांबड्या रश्श्यानं कडा पिवळ्या केल्या. बेस जरा साईच्या रंगाकडं झुकव, दुधाचं खोलपण न घालवता जेवढं झुकेल तेवढंच. पाच नंबरला ग्लिटर म्हणू नकोस. चार नंबर परत घे. माती वाढव, आणि चमकी निम्म्या मापाची घे, मोठी टोकं वर राहतात, केस अडकतात, काढताना जीव जातो. रंग मात्र सोडू नकोस, नवरात्रात हाच मागतील."

तिचं उत्तर लगेच येतं. जागीच होती.

"ताई, निम्म्या मापाचं सोनेरी माझ्याकडं आहे. माती वाढवली तर ब्रशला तार येईल का?"

"येईल. थोडी थोडी वाढवून तीन बाटल्या कर, तिन्ही पाठव."

"पुढच्या बुधवारी कारखाना मिळतोय. शुक्रवारपर्यंत तुमच्याकडं पोचतील."

फळीवरची चार नंबरची जागा मोकळी करते आणि सासूबाईंना सांगते, की अजून तीन येणार आहेत.